‘पुढं न्या’ हे औषध नाही

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, रात्री वाचा. पण घरात कुणाचं नुकतंच सिझर झालं असेल, कुणाच्या पायाला प्लास्टर असेल, कुणी ऑपरेशन होऊन अंथरुणाला खिळलं असेल, तर आत्ताच वाचा.

आपल्या जिल्ह्यात एक औषध कधीच संपत नाही. त्याला फ्रीज लागत नाही, एक्स्पायरी डेट नाही, टेंडर काढावं लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मिळतं, इंदिरानगरातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये मिळतं, हायवेवरच्या काचेच्या हॉस्पिटलातही मिळतं. त्याचं नाव ‘पुढं न्या’. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहितात, तोंडाने मराठीत सांगतात.

बऱ्याच आजारांत हा सल्ला बरोबर असतो. सोय नसताना पेशंट धरून ठेवणं हे पापच. पण काही पेशंट असे असतात की त्यांच्यासाठी ‘पुढं’ नावाची जागाच उरलेली नसते. जे करायचं ते इथेच, याच खाटेवर, पुढच्या अर्ध्या तासात. अशाच एका आजाराबद्दल आज लिहितोय. फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, आणि ती विरघळवणारं इंजेक्शन.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे इंजेक्शन थोड्याच पेशंटना द्यायचं असतं. पण ज्यांना द्यायचं, त्यांना पहिल्याच दारात द्यायचं असतं. आणि आपली सगळी व्यवस्था, सरकारी असो की खासगी, पहिल्या दारातून पेशंट लवकरात लवकर बाहेर कसा जाईल यासाठी रचलेली आहे.

मी डॉक्टर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि वीस वर्षं सिव्हिल, महापालिका, झेडपी या बीटवर चपला झिजवल्या. त्यामुळे डोस सांगणार नाही, तो डॉक्टरांनी ठरवायचा. पण कोण कधी हात झटकतो, ते ओळखायला एमबीबीएस लागत नाही.

आधी आजार समजून घेऊ.

पायाच्या, म्हणजे पोटरी-मांडीच्या खोलवरच्या शिरांमध्ये रक्त साकळतं. त्याची कारणं दीडशे वर्षांपूर्वीच कळलेली आहेत. रक्त एका जागी साचून राहणं, शिरेच्या आतल्या भिंतीला इजा होणं, आणि रक्तच गोठायला उतावीळ असणं. फिरखो या जर्मन डॉक्टरचं नाव या तीन कारणांना आजही चिकटलेलं आहे. प्लास्टर, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, कॅन्सर, आठवडेच्या आठवडे अंथरूण, काही हार्मोनच्या गोळ्या, दहा-बारा तास पाय न हलवता केलेला प्रवास, हे सगळं या तिघांपैकी कशात ना कशात बसतं. मग एक दिवस त्या गुठळीचा तुकडा सुटतो, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे सरकतो आणि फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो.

शेतकरी मित्रांना एका वाक्यात कळेल. पाईपलाईन तुंबली आणि मोटर चालूच राहिली, तर काय होतं? मोटर जळते. इथे मोटर म्हणजे हृदयाचा उजवा कप्पा. त्याला पातळ पाईपमध्ये पाणी ढकलायची सवय. समोर बूच बसलं की तो फुगतो, थकतो, आणि डाव्या बाजूला रक्तच पोचत नाही. बीपी कोसळतं. माणूस श्वासाने जातोय असं बाहेरून दिसतं, पण खरं तर त्याची मोटर बंद पडत असते.

कोरोनात आपण हे सगळं अर्धवट शिकलो होतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या गल्लीगल्लीत ‘डी-डायमर किती आला?’ असं लोक एकमेकांना विचारत होते. पोटात टोचायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं आपल्या आयाबहिणींना माहीत झाली होती. कोरोना ओसरला आणि शब्दही विसरलो. गुठळी मात्र आपल्याला विसरलेली नाही.

हा आजार फसवा आहे. अचानक धाप लागते, दीर्घ श्वास घेतला की छातीत कळ येते, घेरी येऊन माणूस पडतो, कधी थुंकीत रक्त दिसतं, कधी एकच पाय सुजलेला असतो. आणि घरी काय म्हणतात? ‘पित्त झालंय.’ ‘अशक्तपणा आहे.’ ‘टेन्शन घेतलंय तिने.’ दवाखान्यातही कधी दमा, कधी न्यूमोनिया, कधी हार्ट अटॅक समजून सुरुवात होते.

मोठ्या माणसांनाही हा आजार सोडत नाही. डेव्हिड ब्लूम हा अमेरिकी टीव्हीचा पत्रकार २००३ साली इराक युद्धाचं वार्तांकन करत होता. चिलखती गाडीत गुडघे मुडपून दिवसरात्र बसलेला. पायात गोळे येत होते. गोळीबाराने नाही, फुप्फुसातल्या गुठळीने गेला, वयाच्या ३९ व्या वर्षी. सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये सिझरनंतर दुसऱ्याच दिवशी धाप लागली. तिला आधी एकदा हाच त्रास झालेला, म्हणून तिने स्वतःच सांगितलं, सीटी करा आणि रक्त पातळ करायचं औषध द्या. नर्सला वाटलं, वेदनाशामकाने बाई गोंधळल्यात. आधी पायांची सोनोग्राफी झाली. शेवटी सीटी केला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या खेळाडूला स्वतःचं निदान ओरडून सांगावं लागलं. मग पेठहून आलेल्या बाळंतिणीचं कोण ऐकणार?

आता औषध.

१९३३ मध्ये अमेरिकेत विल्यम टिलेट यांना दिसलं, की स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू रक्ताची गाठ विरघळवतात. त्यातून पुढे स्ट्रेप्टोकायनेज आलं. नंतर आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या द्रव्याची नक्कल करून अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज आली. या सगळ्यांचं काम साधारण एकच. रक्तात झोपलेला एक घटक जागा करायचा, आणि त्याच्याकडून गुठळीची जाळी कापून घ्यायची. रक्त पातळ करणारं हेपॅरिन वेगळं. हेपॅरिन नवी गुठळी होऊ देत नाही, जुनी मोडत नाही. ती मोडायला शरीराला दिवस, आठवडे लागतात. बीपी कोसळलेल्या माणसाकडे आठवडे नसतात.

आणि हे परदेशी, दुर्मिळ, सोन्याच्या भावाचं काहीतरी आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. चंडीगढच्या सरकारी प्रयोगशाळेत डॉ. गिरीश साहनी आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोकायनेज बनवायचं देशी तंत्र उभं केलं, ते भारतीय कंपन्यांना दिलं गेलं. स्ट्रेप्टोकायनेज काही हजारांत येतं. टेनेक्टेप्लेज त्याहून पुष्कळ महाग, पण ते कुठे बनतं? पुण्याला, हिंजवडीत, जेनोव्हा कंपनीत. आपल्यापासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी जाहीर केली, तिच्यात टेनेक्टेप्लेज नव्याने घेतलं. म्हणजे औषध देशात आहे, राज्यात आहे, सरकारी यादीत आहे. प्रश्न फक्त खाटेपर्यंतच्या शेवटच्या दहा पावलांचा आहे.

थांबा. आता लगेच ‘मग सगळ्यांना द्या ना’ असं म्हणू नका. कारण या पोस्टचा अर्धा भाग त्याच्या विरोधात आहे.

हे इंजेक्शन आंधळं आहे. फुप्फुसातली वाईट गुठळी आणि मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिनीला बसलेलं चांगलं बूच, यात ते फारसा फरक करत नाही. २०१४ साली युरोपातल्या डॉक्टरांनी एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. सुमारे एक हजार पेशंट. सगळ्यांच्या फुप्फुसात गुठळी, हृदयावर ताण, पण बीपी ठीक. अर्ध्यांना हेपॅरिनसोबत टेनेक्टेप्लेज, अर्ध्यांना नुसतं हेपॅरिन. टेनेक्टेप्लेजवाल्यांत पहिल्या आठवड्यात मृत्यू किंवा बीपी कोसळणं २.६ टक्के, दुसऱ्या गटात ५.६ टक्के. वा, फायदा! पण पुढे वाचा. पक्षाघात एका गटात २.४ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के. आणि त्यातले बहुतेक मेंदूत रक्तस्राव होऊन. एकीकडे कमावलं ते दुसरीकडे गमावलं. म्हणून युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. बीपी ठीक असेल तर हे इंजेक्शन सरसकट द्यायचं नाही. हेपॅरिन द्या, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, तब्येत ढासळली तरच द्या. किरकोळ गुठळी असेल तर गोळ्या देऊन लवकर घरी सोडा.

तेव्हा फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवरचे जे काका ‘आमच्याकडे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला लावलं’ असं फुशारकीने सांगतात, त्यांना सांगा, द्यायला लावायचं नसतं. आणि ज्या हॉस्पिटलांत बीपी उत्तम असलेल्या, खुर्चीत बसून चहा पिणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना घाबरवून लाखाचं पॅकेज पुढे केलं जातं, त्यांनाही विचारा, कोणत्या नियमाने?

पण बीपी ९० च्या खाली गेलंय, वर येत नाही, हातपाय गार पडलेत, अशा पेशंटची गोष्ट वेगळी. तिथे त्याच सूचना तितक्याच स्पष्टपणे सांगतात, द्या. १९९५ मध्ये मेक्सिकोत अशा शॉकमधल्या आठ पेशंटवर चाचणी सुरू झाली. चौघांना स्ट्रेप्टोकायनेज, चौघांना फक्त हेपॅरिन. पहिले चारही जगले. दुसरे चारही गेले. चाचणी तिथेच थांबवली. आठ म्हणजे फार लहान आकडा, मान्य. मग मोठा घ्या. अमेरिकेतल्या १९९९ ते २००८ च्या हॉस्पिटल नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास आला. शॉकमध्ये किंवा व्हेंटिलेटरवर गेलेले ७२ हजारांवर पेशंट. इंजेक्शन मिळालं फक्त ३० टक्क्यांना. मिळालेल्यांत मृत्यू १५ टक्के, न मिळालेल्यांत ४७ टक्के. दोन्ही गट अगदी सारखे नव्हते हे खरं. जे आधीच हाताबाहेर गेलेले, त्यांना बहुधा दिलंच गेलं नसेल. तरीही १५ आणि ४७ मधली दरी एवढ्याने भरून निघत नाही.

म्हणजे बघा, अमेरिकेतसुद्धा सत्तर टक्के लोकांना मिळालं नाही. मग तिथे औषध नव्हतं का? होतं की. निर्णय घेणारा माणूस नव्हता.

आता आपल्याकडचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच भागातला एक जण, चाळिशीच्या आतला. घरच्यांच्या विनंतीमुळे नाव देत नाही, हॉस्पिटलांची नावंही देत नाही. गाडी घसरून घोट्याजवळ हाड मोडलं, ऑपरेशन नाही, पाच आठवडे प्लास्टर. एका सकाळी बाथरूमला जाऊन आला आणि धापा टाकायला लागला. घाम, डोळ्यापुढे अंधार. वहिनींनी रिक्षा बोलावली. पहिल्या दवाखान्यात ईसीजी निघाला. ‘अटॅक वाटत नाही, पण बीपी कमी आहे, पुढं न्या.’ दुसऱ्या हॉस्पिटलात बीपी ८०. तिथल्या डॉक्टरांनी प्लास्टर बघितलं, पाय बघितला, आणि त्यांना बरोबर शंका आली. इको करून बघितला, उजवा कप्पा फुगलेला. निदान जवळजवळ हातात. नातेवाइकांना काय सांगितलं? ‘गुठळी असावी. केस क्रिटिकल आहे. आमच्याकडे रिस्क घेत नाही. पुढं न्या.’ तोपर्यंत डिपॉझिटची पावती फाटली होती, ती परत करण्यात पंधरा मिनिटं. कार्डिॲक ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आणखी चाळीस. मग आपला तो बोगदा, ऐन ऑफिसच्या वेळेला. तिसऱ्या हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये स्ट्रेचर उतरवेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिन्ही हॉस्पिटलं मिळून अंतर सात-आठ किलोमीटर. वेळ अडीच तासांच्या आसपास. आणि दुसऱ्या हॉस्पिटलच्या स्वतःच्या मेडिकलमध्ये ते इंजेक्शन होतं. हार्ट अटॅकच्या पेशंटसाठी ठेवतात तेच. एकच बाटली, एकच कपाट. हृदयाच्या गुठळीला ते मिळतं, फुप्फुसाच्या गुठळीला ‘पुढं न्या’ मिळतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

काही महिन्यांनी त्या दुसऱ्या डॉक्टरांशी बोललो. माणूस वाईट नाही. म्हणाले, ‘दिलं असतं आणि डोक्यात रक्तस्राव झाला असता, तर बातमी काय आली असती? इंजेक्शन देताच रुग्णाचा मृत्यू, नातेवाइकांचा संताप. रेफर केलेला पेशंट वाटेत गेला तर बातमी येत नाही.’

या वाक्यावर मी आजही अडकलोय. कारण ते शंभर टक्के खरं आहे. इंजेक्शन देऊन गेलेला पेशंट हा डॉक्टरचा गुन्हा, आणि न देता वाटेत गेलेला पेशंट हे नशीब, असा हिशेब आपण मांडलाय. आपण म्हणजे पेपरवाले, चॅनलवाले, नगरसेवक, कार्यकर्ते आणि चार टाळकी घेऊन कॅज्युअल्टीच्या काचा फोडायला जाणारे दादा. मार्च २०१७ मध्ये शेजारच्या धुळ्यात, सरकारी रुग्णालयात, एका निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभर निवासी डॉक्टर काम बंद ठेवून बसले. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. कायद्याने डॉक्टरच्या मनातली भीती गेली का? नाही. त्या भीतीतूनच त्याचं पेन ‘रेफर’कडे वळतं. हॉस्पिटलची फोडलेली प्रत्येक काच पुढच्या पेशंटच्या छातीत रुततेय, हे डोक्यात घ्या.

पण डॉक्टरांनो, म्हणून तुम्ही सुटत नाही. भीती खरी आहे, पण भीतीचा खर्च पेशंटने भरायचा हे कुठलं शास्त्र? धोका आहे तर समोर बसवून मराठीत सांगा. ‘न दिलं तर हा बहुतेक जाईल. दिलं तर वाचायची चांगली शक्यता आहे, पण शंभरातल्या दोन-तिघांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मी द्यायच्या मताचा आहे.’ एवढी चार वाक्यं. त्याऐवजी आपल्याकडे काय असतं? इंग्रजीत छापलेला सहा पानी फॉर्म आणि ‘इथे सही करा, इथे, इथे.’ लोक धोक्यापेक्षा लपवाछपवीवर जास्त चिडतात. मी वीस वर्षांत पाहिलेल्या बहुतेक राड्यांच्या मुळाशी ‘आम्हाला काही सांगितलंच नाही’ हेच वाक्य होतं.

आता हमखास येणारे आक्षेप घेऊ.

‘सीटी स्कॅनशिवाय कसं द्यायचं? ग्रामीण रुग्णालयात कुठे असतो सीटी?’ शॉकमधल्या पेशंटला सीटीला नेणं शक्य नसेल, तर खाटेवरच इको करून उजव्या कप्प्यावरचा ताण बघा आणि निर्णय घ्या, असं मार्गदर्शक सूचनाच सांगतात. मशीनपेक्षा ते बघता येणारा माणूस आणि फोनवर ‘हो, द्या’ म्हणणारा वरिष्ठ हवा.

‘रक्तस्राव झाला तर?’ म्हणून तर कुणाला द्यायचं नाही याची यादी आहे. आधी कधी मेंदूत रक्तस्राव झालेला, गेल्या सहा महिन्यांत पक्षाघाताचा झटका आलेला, गेल्या तीन आठवड्यांत मोठं ऑपरेशन किंवा डोक्याला मार लागलेला, कुठून तरी रक्त वाहत असलेला. अशा पेशंटला खरोखरच पुढं न्यावं लागतं, जिथे शस्त्रक्रियेने किंवा नळीने गुठळी काढता येते. सिझर नुकतंच झालेल्या बाईबाबत फार तोलूनमापून ठरवावं लागतं. एका पानावर मावेल एवढी ही यादी आहे. भिंतीवर चिकटवता येते.

‘आजार दुर्मिळ आहे, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?’ शोधला नाही तर दुर्मिळच राहणार. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ लिहिलं की सगळेच आजार दुर्मिळ होतात. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं, शेवटी.

‘पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न सिंहस्थाच्या कामांना कुणी विचारत नाही. २०२७ साठी रस्ते होतायत, घाट होतायत, व्हायलाच हवेत. पण देशाच्या कानाकोपऱ्यातून पंधरा-वीस तास बसमध्ये, रेल्वेत पाय मुडपून लाखो म्हातारी माणसं इथे उतरणार आहेत. गुठळी व्हायची कारणं वर दिलीत, पुन्हा वाचा. साधुग्रामला पाणी देणं जसं नियोजन आहे, तसं हेही नियोजनच आहे.

आणि हृदयासाठी सरकारने हे करून दाखवलंय ना! स्टेमी महाराष्ट्र प्रकल्पात लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो दूर बसलेल्या तज्ज्ञाने वाचायचा, आणि गरज असेल तर इंजेक्शन तिथेच द्यायचं, ही पद्धत आणली. १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या आल्या, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या. औषध खरेदीतला घोळ संपवायला २०२३ मध्ये हाफकिनकडून काम काढून स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. सांगाडा उभा आहे. त्यात फुप्फुसाची गुठळी बसवायची आहे, इतकंच. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१२ मध्ये एक साधी गोष्ट केली. गुठळीचा पेशंट आला की एकच फोन, आणि हृदयवाले, फुप्फुसवाले, अतिदक्षतावाले, सर्जन सगळे एकाच वेळी लाईनवर. काही मिनिटांत एकमताने निर्णय. त्या निर्णयाची जबाबदारीही सगळ्यांची, एकट्या ड्युटी डॉक्टरची नाही. आपल्या नाशिकला तर अख्ख्या राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून, म्हसरूळला. शहरात सिव्हिल आहे, संदर्भ सेवा रुग्णालय आहे, आडगावला मेडिकल कॉलेज आहे. एक फोन नंबर चालवायला याहून जास्त काय लागतं?

म्हणून मागण्या. पाचच, आणि एकाही मागणीला नवी इमारत लागत नाही.

१. जिल्ह्यातल्या प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा किमान साठा, आणि आज किती बाटल्या आहेत हे बाहेरच्या फळ्यावर. खडूने लिहा, चालेल.

२. सिव्हिल किंवा संदर्भमध्ये चोवीस तास चालणारा एक फोन. सुरगाण्याच्या डॉक्टरने रात्री दोनला लावला तरी हृदय किंवा अतिदक्षतेचा तज्ज्ञ उचलेल, आणि ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ हा सल्ला नाव-वेळेसह नोंदवला जाईल. सावळघाटातून पेशंट उतरवायचा की नाही, हे त्या फोनवर ठरेल.

३. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरात.

४. बीपी कोसळलेल्या पेशंटला डिपॉझिटसाठी एक मिनिटही थांबवायचं नाही. खासगी हॉस्पिटलांच्या नोंदणीचे अधिकार शहरात महापालिकेकडे आहेत. ते अधिकार फक्त नूतनीकरणाच्या फीपुरते नाहीत.

५. रेफर चिठ्ठीवर कारण लिहिणं बंधनकारक. ‘पुढील उपचारासाठी’ हे कारण नाही. ‘औषध नाही’, ‘तज्ज्ञ नाही’, ‘ऑपरेशन झालेलं असल्याने देता येत नाही’ ही कारणं आहेत. दर महिन्याला त्या चिठ्ठ्या मोजा. कुठे काय कमी आहे ते आपोआप बाहेर येईल.

यातल्या पहिल्या आणि पाचव्या मुद्द्यावर मी या आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. तुम्हीही टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. विचारायचं एवढंच: आपल्या रुग्णालयात गेल्या बारा महिन्यांत स्ट्रेप्टोकायनेज, टेनेक्टेप्लेज किती आलं, किती वापरलं, किती एक्स्पायर झालं? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकट्या पत्रकाराचा अर्ज फाईलीत जातो, एका तालुक्यातून पन्नास अर्ज गेले की फाईल साहेबांच्या टेबलावर येते.

आणि आपल्या घरासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. अचानक धाप लागली असेल तर दवाखान्याच्या दारात पहिल्याच वाक्यात सांगा, ‘पाच आठवडे प्लास्टर आहे’, ‘बारा दिवसांपूर्वी सिझर झालंय’, ‘काल सोळा तास प्रवास केला’, ‘एकच पाय सुजलाय’. आणि मग सरळ विचारा, ‘डॉक्टर, फुप्फुसात गुठळी असू शकते का?’ भांडू नका, विचारा. ‘पुढं न्या’ म्हणाले तर विचारा, ‘पुढे काय करणार जे इथे होत नाही? तिथे फोन केलाय का? त्यांनी हो म्हटलंय का?’ उत्तर असेल तर निमूट निघा. उत्तर नसेल तर त्यांना आधी फोन लावायला सांगा.

आणि डॉक्टरने समजावून सांगून धोका पत्करला, आणि तरीही माणूस गेला, तर त्याच्यासमोर हात जोडा. कॉलर धरू नका. तुमच्यामागून दारात येणाऱ्या पेशंटसाठी तो डॉक्टर धीट राहायला हवा.

आपल्या भागातल्या डॉक्टर मंडळींनी या पोस्टवर बोलावं. माझं वैद्यकीय मत चुकीचं वाटलं तर खाली दुरुस्त करा, मी मूळ पोस्टमध्ये तुमच्या नावासह बदल करीन. पण ‘पत्रकाराला काय कळतं’ एवढंच लिहायचं असेल तर सोबत हेही लिहा, की तुमच्या हॉस्पिटलच्या कपाटात आज रात्री ते इंजेक्शन आहे का, आणि ते द्यायचा निर्णय कोण घेणार.

अर्जाचा नमुना पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. कॉपी करा, आपल्या तालुक्याचं नाव घाला, सोमवारी जमा करा. पोच घ्यायला विसरू नका.